गोदाआत्याने वाचलेलं पत्र

गोदाआत्या गेल्याचा निरोप पेडगावहून आला तेव्हा मी तिच्यावर रागावलेली होते. आजही आहे. महिना झाला, तेरावं उरकलं, लोक येऊन चार चांगले शब्द बोलून गेले, आणि माझा राग होता तिथंच आहे... कारण भांडण अर्धवट टाकून ती गेली. आणि भांडण कशावरून, तर एका सिनेमावरून. ऐंशीच्या आत्याशी सत्तरीला टेकलेली भाची सिनेमावरून भांडते, याला लोक हसतील. हसू देत.

सिनेमाचं नाव सांगत नाही. जुन्या बोलपटांविषयी लिहिणारी मंडळी त्याला ‘निखळ प्रेमविनोद’ म्हणतात आणि गहिवरतात. नायक लंगडा झाल्याचं सोंग करतो, नायिका त्याची सेवा करते, गाव तिला हसतं. खरं कळल्यावर ती निघून जाते, मग त्याचं पत्र येतं आणि ती परत येते. एवढाच काय तो निखळपणा.

निजामाच्या अमलात हा सिनेमा आमच्या पेडगावात तंबूत आला होता. पडदा मधोमध, एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका. चित्र दोन्हीकडून दिसायचं, फक्त आमच्याकडून उजव्याचं डावं व्हायचं. बायकांत वाचता येणारी एकटी गोदाआत्या. आजोबा पटवारी होते. ही बालविधवा पोर त्यांच्या दप्तराशेजारी बसून मोडी आणि बाळबोध दोन्ही शिकली होती. मला तेव्हा काळं अक्षर कळत नव्हतं. आईवडील नसल्यामुळे माहेर म्हणजे आत्याच, आणि मी सासर सोडून तिच्याकडे येऊन बसले होते.

त्याला कारण आमच्या घरचा निखळ विनोद. सासरी ताडकळसला, बाजाराच्या दिवशी, ह्यांनी मित्रांच्या नादानं घरी निरोप धाडला, की ‘अमीनसाहेबांनी मला चावडीत धरून ठेवलंय.’ त्या काळात अमीन म्हणजे पोलिसांचा साहेब. असा निरोप आला की घरात चूल विझायची. मी अनवाणी, पदर सांभाळत, भर बाजारातून चावडीपर्यंत पळाले. हे तिथं पान खात बसलेले. सगळा बाजार हसला आणि हेही हसले. दुसऱ्या दिवशी मी पेडगाव गाठलं.

तंबूत त्या नायकाचं पत्र पडद्यावर आलं. बोलणं नाही, नुसतं व्हायोलिन. बायकांनी गलका केला, “गोदाक्का, काय लिवलंय?” आत्यानं डोळे बारीक केले. “लिवलंय, ‘माझं चुकलं. तुझं हसू झालं ते माझ्यापायी. तू न्हाई म्हणलीस तर दारातूनच परत जातो.’” बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पुढे कित्येक वर्षं आमच्याकडच्या बायका त्या नायकाला देवमाणूस म्हणायच्या. घरी येताना मी आत्याला सांगितलं, “मला असं पत्र आलं तरच मी जाईन.”

आठ दिवसांत ह्यांचं पत्र आलं, मोडीत. आत्यानं ते आधी मनात वाचलं, आत जाऊन तांब्याभर पाणी प्यायली आणि मग मोठ्यानं वाचलं, “‘माझं चुकलं. तू अनवाणी पळत आलीस, ते मला रोज दिसायलंय.’” सोमवारी हे गाडी घेऊन आले, सोबत नव्या वहाणांचा जोड. मी गेले. संसार झाला, लेकरं झाली. पुढे आत्यानंच मला बाळबोध शिकवलं, मोडी मात्र नाही. “आता मोडी कोण वाचायलंय?” म्हणायची. ह्यांचं ते पत्र माझ्याच पेटीत होतं, पण वाचून घ्यायला मी तिच्याकडे जायची.

यंदाच्या हिवाळ्यात टीव्हीवर तो सिनेमा लागला. जन्मात पहिल्यांदा सरळ बाजूनं पाहिला आणि पत्र स्वतः वाचलं. ‘गंमत केली, त्यात एवढं काय? रुसवा सोड आणि ये.’ आणि ती बया गाणं म्हणत जाते. मी टीव्ही बंद केला आणि तडक पेडगावला गेले.

“आत्या, त्यात माफी न्हाईच.”

“नसंल. उलटी अक्षरं मला कुठं लागत होती? वाटलं ते म्हणलं.”

“आन् ह्यांचं पत्र?”

ती सुपातले हरभरे निवडत राहिली. “ते सरळ होतं,” एवढंच म्हणाली. मी चहा न घेता उठले. तीच शेवटची भेट.

ती गेल्यावर मी पत्र घेऊन परभणीच्या एका निवृत्त मास्तरांकडे गेले. त्यांना मोडी येते. त्यांनी वाचलं, “‘सोमवारी गाडी येते. मुलगी पाठवावी. पाठवायची नसल्यास कळवावं, म्हणजे आम्हांस दुसरीकडे बघता येईल.’” मास्तर चष्मा पुसत बसले. पन्नास वर्षं मी ज्या ओळीवर जगले, ती ओळ त्यात नव्हतीच.

घरी येऊन पत्र ह्यांच्यापुढं ठेवलं. “असं लिवलं होतं, मग वहाणा कशाला आणल्या?”

“तुझं पत्र आलं म्हणून.”

“मला कुठं लिवता येत होतं?”

“हात आत्याचा होता. पण तू सांगायलीस असंच लिवलं होतं. ‘मी अनवाणी पळाले त्याचं काही न्हाई, तुमी धड होतात तेवढं बस हाय...’ लय लाज वाटली मला.” मग हे म्हणाले, “माझं चुकलं, असं मी तुला कवाच म्हणलो न्हाई?”

“न्हाई.”

“मला वाटायचं, म्हणलोय.”

सिनेमाची कीर्ती खोटी, हे माझं मत कायम आहे. आत्यावरचा रागही कायम आहे. न विचारता तिनं माझ्या तोंडी शब्द घातले, ह्यांच्याही घातले, आणि जाब द्यायची वेळ आली तेव्हा निघून गेली...

“आत्या काय वाचायची?” ह्यांनी विचारलं.

मी आत जाऊन तांब्याभर पाणी प्यायले. बाहेर आले, मला न येणारं ते मोडी पत्र डोळ्यांसमोर धरलं आणि वाचलं, “‘माझं चुकलं. तू अनवाणी पळत आलीस, ते मला रोज दिसायलंय.’”

“हां,” हे म्हणाले, “हेच लिवायचं होतं.”