ईरप्पाचं अर्धं मशीन

ईरप्पाला राग यायचा तो आधी कानांत. पाळ्या लाल व्हायच्या, मग मान, आणि मग तोंडातून कानडी सुटायची. राग ओसरला की तो मराठीत यायचा. नवी पेठेत कापडदुकानांच्या मधून एक बोळ आत जातो, त्या बोळात त्याचं टाइपरायटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन हात रुंदीचं फळकूट, वर पत्रा, आणि तिन्ही भिंतींना पोट उघडं टाकून बसलेली मशीनं. गिऱ्हाईक बोळाच्या तोंडाशी थांबून आधी कानोसा घ्यायचं. आतून मराठी ऐकू आली तर पुढं जायचं. कानडी ऐकू आली तर परत रस्त्यावर येऊन एक चहा घ्यायचा.

त्याच्या रागाबद्दल लोक हसून बोलायचे. मी कधी हसलो नाही. पेरणीला आलेल्या रानात कुणी गाड्या घालून वाट पाडावी आणि रानवाल्यानं बांधावर उभं राहून ते बघावं, तसा तो राग होता. ईरप्पा रोज तसं बघत होता.

तो अक्कलकोटच्याही पलीकडचा, सीमेवरच्या गावचा. शाळा कानडी, तीही तिसरीपर्यंत. सोळाव्या वर्षी सोलापुरात एका टायपिंग क्लासात झाडलोट करायला राहिला. दुपारी क्लास बंद असायचा तेव्हा त्यानं एक मशीन उघडलं. तीन दिवसांनी परत जोडलं तर एक स्प्रिंग हातात उरली. मशीन चालत होतं, मास्तरांना काही कळलं नाही, दुसरा कुणी असता तर ती स्प्रिंग गटारात फेकून मोकळा झाला असता. ईरप्पानं आठ दिवस तिची जागा शोधली. तो म्हणायचा, "नवव्या दिवशी जागा घावली. त्या दिवशी मी मेकॅनिक झालो. त्याच्या आदी नुसता खोलणारा हुतो."

मराठी अक्षरं तो मशीनच्या लोखंडी ठशांवरूनच शिकला. ठशावर अक्षर उलटं असतं, म्हणून सरळ छापलेलं वाचायला त्याला वेळ लागायचा आणि उलटं मात्र तो झरझर वाचायचा.

मशीन पुढ्यात आलं की तो त्याला हात लावत नसे. आधी तीन प्रश्न. काल काय करत हुतं? शेवटचा हात कुणाचा लागला? आणि आत काय घातलं? या तिसऱ्या प्रश्नाला सगळं सोलापूर खोटं बोलायचं. अक्षर फिकट उठतंय म्हणून आख्खं मशीन खोलायला आणायचे, तर रिबीन उलटी लावलेली निघायची. ओळी वरखाली होतात म्हणून बोंबलत यायचे, रोलरखाली टाचणी सापडायची. प्रती काढायच्या सायक्लोस्टाइलवर कागद अर्धा काळा, अर्धा कोरा निघतो म्हणून तीनतीनदा शाई बदलायचे आणि सुरकुती असायची मेणकागदाच्या स्टेन्सिलला. मग ईरप्पाचे कान पेटायचे. "आदी बगा की रं!" तो ओरडायचा. "डोळं दिल्यात देवानं. मशीन आपोआप बिघडत न्हाय. आपोआप बिघडतंय त्ये फकस्त माणूस."

मी जोतीराम, गावचा नातेपुत्याचा, आणि चौऱ्याहत्तर साली सोलापुरात एका सूतगिरणीच्या हपिसात शिपाई होतो. गिरणीचं नाव काढत नाही. हपिसात मराठी मशीन एकच, आणि त्यावर बसणारी दाक्षायणी. तिचा बाप कल्लप्पा गिरणीच्या कापसाच्या धुळीनं छाती भरून घरी बसला होता, घरात कमावती ती एकटी. अकरा महिने ती टेंपरवारी होती आणि एक डिसेंबरला तिला कायम करायचं ठरलं होतं. तिची बोटं चालायला लागली की बाहेरच्या बाकावर बसून मला ज्वारीची मळणी ऐकू आल्यासारखं वाटायचं.

दिवाळी झाली आणि ती मळणी अडखळायला लागली. बटण दाबावं तर अक्षर वर जाऊन तिथंच उभं राहायचं, खालीच यायचं नाही. दुसरं त्याच्यावर आदळायचं. गिरणीच्या वार्षिक सभेचा अहवाल तिला स्टेन्सिलवर काढायचा होता. तीन स्टेन्सिलं फाटली. चौथ्याला हेडक्लार्क आबासाहेबांनी सगळ्या हपिसासमोर तो कागद उचलून धरला.

"बघा," ते म्हणाले, "बाईंचा हात बघा! अक्षरावर अक्षर, जसं काही बाजारात म्हशी उभ्या केल्यात."

"मशीन अडकतंय, साहेब. आठ दिवस सांगतेय मी."

"मशीन अडकत नाही, बाई. लक्ष अडकतंय."

दोन माणसं हसली. दुपारी तिला मेमो मिळाला. निष्काळजी हाताळणीमुळे यंत्र बिघडले व साहित्य वाया गेले, सबब सेवेतून कमी का करू नये. तिनं उत्तर लिहून दिलं, हातानं, कारण मशीन तसं. मॅनेजर हिंदुराव साहेबांनी दोन्ही कागद वाचले आणि म्हणाले, "मेकॅनिकचा लेखी शेरा आणा. शुक्रवारी बघू."

म्हणजे दाक्षायणीची नोकरी आता ईरप्पाच्या एका ओळीवर आली.

मी मशीन चादरीत बांधून सायकलच्या कॅरियरवर घेतलं. दाक्षायणी शेजारून चालत होती.  मला एक गोष्ट माहीत होती आणि ती मी तिला सांगितली नव्हती.

ईरप्पानं चादर सोडली. हात लावला नाही.

"काल काय करत हुतं, अक्का?"

तिनं सांगितलं. कुठलं अक्षर किती वेळ वर राहतं ते, आबासाहेबांनी सगळ्यांपुढं म्हशी म्हटलं ते आणि मेमोचंही सांगितलं.

"शेवटचा हात?"

"माझाच, मामा."

"आत काय घातलं?"

"मी काही नाही घातलं."

ईरप्पानं मान खाली घातली आणि जिथं सगळ्या अक्षरांच्या दांड्या पंख्यासारख्या एका ठिकाणी येतात तिथं नाक नेलं. वास घेतला. नखानं खरवडलं. नखावर पिवळा, चिकट, वाळलेल्या डिंकासारखा थर आला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"करडई!" तो ओरडला, आणि पुढचं सगळं कानडीत. बोळातल्या कापडवाल्यानं गजाचं माप तसंच हातात धरून आत डोकावलं. ईरप्पा मराठीत आला तेव्हा त्याला धाप लागली होती. "खायाचं त्याल घातलंय! करडईचं त्याल उगडं ऱ्हायलं की वाळतंय, वारनिस हुतंय त्येचं. घरातल्या बाटलीचं तोंड बगत न्हाय का तुमी, कसं चिकाट हुतंय ते? कुणी घातलं?"

"मला माहीत नाही," दाक्षायणी म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं. खंडेनवमीला पूजेच्या आधीच, अकरा वाजता, बायकांना सुटी दिली होती.

ईरप्पानं माझ्याकडं बघितलं.

"जोत्या, तुझ्या तोंडाचा रंग का गेला?"

मग मी सांगितलं. खंडेनवमीला हपिसात पूजा झाली. मशीन पुसलं, हळदीकुंकवाची बोटं ओढली, झेंडूची माळ घातली. आबासाहेबांनी गावाहून, स्वतःच्या रानातल्या करडईचं घाण्याचं तेल आणलं होतं. वर्षभर मऊ चालेल म्हणाले आणि देवाचं नाव घेऊन अर्धी वाटी आत सोडली. वाटी मी धरली होती.

दाक्षायणी माझ्याजवळून सरकून ईरप्पाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

"म्हंजे तुला ठावं हुतं," ईरप्पा हळू बोलला. तो हळू बोलला म्हणजे राग वरून खाली, मुळात उतरला असं समजायचं. "हिच्या अक्षरास्नी सगळ्या हपिसात म्हशी म्हनले, तवा तू बाकावर बसून हुतास."

"तेलानं बिघडतंय हे मला कुटं ठावं, ईरप्पा?"

"त्याल घातलं हे तर ठावं हुतं! तिसरा सवाल कुणी इचारला न्हाय म्हनून गप? सवाल इचारायची वाट बगत बसनार?"

 मी सोडलेली चादर उचलून तिची घडी घालायला लागलो.

संध्याकाळच्या आत आबासाहेब स्वतः बोळात आले. कडक टोपी, हातात दुरुस्तीचं रजिस्टर. दाक्षायणीकडं न बघता त्यांनी ते ईरप्पापुढं उघडलं.

"ईरप्पा, शेऱ्याच्या रकान्यात लिही. हाताळणीतील दोष. एवढंच."

"लिवतो की. कुणाच्या हाताळणीतला?"

"ते तू लिहायचं नाही. ते आम्ही बघू."

"मग मी बी बगतो. आबासाहेब, मशीनमदी त्याल कुणी घातलं?"

आबासाहेबांना आधी प्रश्न कळलाच नाही. खरं सांगायचं तर माणूस लबाड नव्हता. आपल्या हातून काही बिघडू शकतं हे त्याच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं, आणि मला वाटतं लबाडीपेक्षा हे वाईट. लबाडाला निदान रात्री झोप लागत नाही.

"पूजेचं तेल म्हणतोस होय?" ते म्हणाले. "ते देवाच्या नावानं घातलंय. माझ्या रानातली करडई आहे ती. थेंबाची भेसळ नाही."

"भेसळ असती तर बरं झालं असतं," ईरप्पा म्हणाला. "असं वाळलं नसतं."

"तू मला शिकवतोस? गिरणीची सगळी मशीनं तुझ्याकडं येतात, ती उद्या दुसरीकडं जातील."

"जाऊ द्या. तितं बी करडईच घाला." त्यानं रजिस्टर मिटलं आणि परत त्यांच्या हातात दिलं. "शेरा कागदावर लिवत न्हाय मी. शुक्रवारी मशीन घिऊन येतो. साहेबांच्या टेबलावर ठिवतो. शेरा मशीनच दील."

आबासाहेब गेल्यावर ईरप्पानं पेट्रोलची बशी ओढली, ब्रश घेतला आणि मशीनच्या डाव्या अंगाच्या दांड्या एकेक करून धुवायला लागला. पिवळं पाणी बशीत उतरत होतं. मधल्या दांडीपाशी आल्यावर तो थांबला. उजवं अंग त्यानं तसंच ठेवलं. त्याला किती जड गेलं ते मी बघितलं. हात आपोआप उजवीकडं जायचा आणि तो स्वतःलाच कानडीत शिवी देऊन मागं घ्यायचा. आयुष्यात कधी त्यानं काम अर्धं सोडलं नव्हतं.

शुक्रवारी अकरा वाजता मशीन हिंदुराव साहेबांच्या टेबलावर आलं. ईरप्पानं अंगात धुतलेला सदरा घातला होता, पण नखं काळीच होती. आबासाहेब खुर्चीमागं उभे. मी दाराशी.

"साहेब," ईरप्पा म्हणाला, "डावं अंग धुतलंय, उजवं तसंच हाय. अक्का, बस."

दाक्षायणी बसली. डाव्या हातानं तिनं बटणं चालवली आणि अक्षरं वर जाऊन खाली आली, इतकी भराभर की साहेबांनी चष्मा वर केला. मग उजव्या हातानं. पहिलंच अक्षर वर जाऊन उभं राहिलं. दुसरं त्याच्या अंगावर.

"बाईंनी मुद्दाम..." आबासाहेब म्हणाले.

"मग तुमी बसा," ईरप्पा म्हणाला. "या. तुमचा हात चांगला हाय न्हवं?"

साहेबांनी मान हलवली. आबासाहेबांना बसावं लागलं. त्यांनी एका बोटानं उजवीकडचं बटण दाबलं. अक्षर वर गेलं आणि तिथंच राहिलं. त्यांनी पुन्हा दाबलं. खोलीत कुणी हसलं नाही.

ईरप्पानं उजवीकडची एक दांडी नखानं खरवडून साहेबांच्या पुढ्यात हात धरला. "वास घ्या. करडई हाय."

"कुणी घातलं?" साहेबांनी विचारलं.

आबासाहेब खिडकीकडं बघत होते. ईरप्पा माझ्याकडं बघत नव्हता. त्यानं मुद्दाम पाठ केली होती. मी दारातून आत आलो.

"खंडेनवमीला आबासाहेबांनी घातलं, साहेब. वाटी मी धरली हुती. बाई घरी गेल्या हुत्या."

साहेबांनी मेमोचा कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाले, "ठीक आहे. अजाणता झालं. विषय संपला. ईरप्पा, मशीन घेऊन जा, पुरतं साफ करून आण."

म्हणजे झालं. म्हशी म्हटलं ते कुणी मागं घेणार नव्हतं. ईरप्पाचे कान पेटत चालले, मला दिसत होते. पण बोलली दाक्षायणी.

"संपला नाही, साहेब. मेमो लेखी आला. परत पण लेखी."

"मशीन दुरुस्त होऊन येऊ द्या, मग टाइप करून आणा."

"आत्ता करते."

तिनं आबासाहेबांच्या हाताशेजारचे कागद घेतले, मधे कार्बन घातला, आणि आबासाहेब खुर्चीतून उठेपर्यंत उभी राहिली. ते उठले. ती बसली. डावीकडची अक्षरं झरझर पडायची, उजवीकडचं एक आलं की वर अडकायचं. ती थांबायची, नखानं ते अक्षर सोडवायची, पुढचं मारायची. चार ओळींना पाव तास लागला. ईरप्पानं मदतीला बोट पुढं केलं तर म्हणाली, "मामा, हात काढा." त्यानं काढला.

एका अक्षरावर दुसरं पडलं नाही. दिनांक अमुकचा मेमो चुकीच्या माहितीवर दिला होता, तो मागे घेण्यात येत आहे, दोष टंकलेखिकेचा नाही. साहेबांनी वाचलं, दोनदा वाचलं, आणि सही केली.

दाक्षायणीनं तो कागद आबासाहेबांपुढं ठेवला. हपिसातून निघणाऱ्या प्रत्येक कागदावर जावक नंबर त्यांच्याच हातचा लागायचा.

"नंबर घाला, आबासाहेब," ती म्हणाली. "दोन्ही प्रतींवर."

आबासाहेबांनी खिशातलं पेन काढलं. टोपण निघता निघेना. निघालं तेव्हा त्यांनी खाली वाकून, उभ्यानंच, नंबर घातला. पहिल्या प्रतीवर. मग दुसऱ्या.