बिरोबाच्या उतारावर बंद पडणारी गाडी

“मिस्त्री, गाडी परत तिथंच बंद पडली.”

फोनवर संजय होता. आवाजात राग नव्हता आणि त्याचीच मला भीती वाटली. चिडलेल्या गिऱ्हाइकाला समजावता येतं. शांत झालेलं गिऱ्हाईक मनाशी काहीतरी ठरवून बसलेलं असतं.

“तिथंच म्हणजे?”

“बिडकीनच्या पुढं, बिरोबाच्या उतारावर. आबा म्हणतात, मी काहीच केलं नाय. मिस्त्री, आता आणखी एकदा असं झालं तर मी चावी काढून घेणार. मागून डंपर आला तर काय करायचं? गाडी जुनी असली तरी बाप एकच आहे मला.”

मी ‘बघतो’ म्हणालो. गॅरेजवाल्याला काही कळत नसलं की तो हेच म्हणतो.

आबा म्हणजे संजयचे वडील. मूळचे पैठणकडचे मेंढपाळ. त्यांच्या वडिलांनी लोकर आणि घोंगड्यांच्या व्यापारात चार पैसे केले आणि छावणीतल्या एका रिटायर होणाऱ्या साहेबाकडून क्रीम कलरची अ‍ॅम्बेसेडर घेतली. गावात सायकली मोजक्या होत्या, तेव्हा या घरी मोटार आली. पुढे संजयनं गारखेड्यात बंगला बांधला, दारात दोन नव्या गाड्या लावल्या. आबा मात्र दर आठवड्याला हीच गाडी काढून गावाकडच्या शेतावर जात. तिथं अजून थोडी मेंढरं राखून आहेत. संजयच्या गाडीत ते बसतात, पण पाहुण्यासारखे.

मग आबांचा डावा गुडघा गेला. अ‍ॅम्बेसेडरचा क्लच दाबणं म्हणजे हौदाचा बोळा पायानं काढण्यासारखं आहे. डॉक्टरांनी डोळे आणि उजवा पाय पास केला, डावा नापास. तेव्हा आबा माझ्या छावणीतल्या गॅरेजवर आले नि म्हणाले, “क्लच काढून टाक.”

“आबा, क्लच काढला तर गिअर कसा टाकणार?”

“त्ये तू बघ. तू इंजनेर हायस नव्हं?”

म्हणून हा उद्योग. अपघातात मागून चेपलेल्या एका सात सीटर गाडीचं पेट्रोल इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळाला. ऑटोमॅटिक म्हणजे क्लचचं पेडलच नाही. गिअर गाडी स्वतः बदलते. इंजिन ज्यावर टेकतं ते माउंटिंग नवं बनवलं. गिअरबॉक्स मोठा, म्हणून पायाखालचा पत्रा कापून फुगवला. मागच्या चाकांना ताकद नेणारा लांब दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, कापून आखूड केला. टाकीत इलेक्ट्रिक पंप बसवला, ब्रेक सुधारले, एसी टाकला. आरटीओची परवानगी काढली. त्या कामात माझे निम्मे केस गेले, पण ती वेगळी कथा आहे.

आबांनी एकच अट घातली. डॅशबोर्डला हात लावायचा नाही. जुने काटे, जुनी किल्ली, सगळं जागच्या जागी. मला ते आवडलं. नवं काळीज, पण चेहरा तोच.

गाडी दिली त्या दिवशी आबांनी छावणीला दोन चकरा मारल्या. डावा पाय अंग चोरून बसलेल्या सुनेसारखा बाजूला ठेवला होता. उतरले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते, माझेही. आणि पुढच्याच फेरीला गाडी बिरोबाच्या उतारावर बंद पडली.

पहिल्या वेळी मी धावत गेलो. गाडी रस्त्याच्या कडेला उभी, किल्ली ऑन, गिअरची दांडी ‘डी’वर. ‘डी’ म्हणजे चालवायची जागा. त्या जागेवर असताना सेल्फ लागतच नाही, सुरक्षेसाठी तशी सोयच असते. मी दांडी ‘पी’वर, म्हणजे पार्किंगवर घेतली, सेल्फ मारला, गाडी पहिल्या झटक्यात सुरू. आबांना समजावलं, बंद पडली तर आधी ‘पी’. ते लगेच शिकले. पण मुळात बंद का पडली, याचं उत्तर तेवढ्यानं मिळत नव्हतं.

“आबा, बंद पडायच्या आधी काय झालं?”

“काय बी नाय. नेहमीसारखी चालली हुती. गपकन मेली.”

पहिला संशय पेट्रोलवर. उतारावर टाकीतलं पेट्रोल पुढं सरकतं, पंप मागं कोरडा पडतो. मी अर्धी टाकी घेऊन त्या उतारावरून गेलो. मग जवळजवळ रिकामी घेऊन गेलो. गाडी लोण्यासारखी चालली. दुसरा संशय उतारावरच्या मोरीवर. तिथं गाडीला हादरा बसतो, एखादी वायर ढिली असेल. मुद्दाम जोरात हादरे दिले. माझी कंबर दुखली, गाडीला काही झालं नाही.

तिसऱ्या वेळी मला रस्त्यावरून जाणाऱ्या हाय टेन्शनच्या तारा दिसल्या. नव्या इंजिनाला ईसीयू असतो, म्हणजे त्याचा मेंदू. तारांमुळे मेंदू गोंधळत असेल का? असं होत नाही हे मला माहीत होतं. तरी मी त्या तारांखाली गाडी उभी करून वाट बघत बसलो. माणूस किती गोंधळला की असं करतो, हे तुम्हीच ठरवा.

आणखी एक कोडं होतं. गाडी जातानाच बंद पडायची. येताना कधीच नाही. आणि पडायची ती आबांच्याच हातात.

माझ्याकडे वायरिंगचं काम रफिकभाई बघतात. त्यांनी बोनेटमध्ये डोकं घातलं, बाहेर काढलं आणि म्हणाले, “मियाँ, गाडी एकदम बराबर है.”

“मग बंद का पडते?”

“अब वो तो ऊपरवालेकूच मालूम. देव का उतार है ना? एक नारियल फोड के देखो.”

“रफिकभाई, तुम्ही सांगताय?”

“अरे, मैं गाडी के वास्ते बोलरा हूँ.”

गावात तर निकाल लागलेलाच होता. देवाला न विचारता गाडीचं काळीज बदललं, म्हणून देव अडवतो. मी डिप्लोमा झालेला माणूस. गुपचूप जाऊन नारळ फोडला. बिरोबाचं ठाणं साधं आहे. लिंबाचं झाड, शेंदूर फासलेला दगड, आजूबाजूला बसलेली मेंढरं. मी हात जोडले आणि म्हणालो, काही चुकलं असेल तर सांग. त्यानं काही सांगितलं नाही. पुढच्या फेरीला गाडी परत बंद.

मग मी आबांच्या शेजारी बसून जायचं ठरवलं. मांडीवर स्कॅनर. हे यंत्र गाडीच्या मेंदूला जोडलं की इंजिनाचे फेरे, तापमान, बिघाड, सगळं पडद्यावर दिसतं. बिडकीन गेलं. उतार आला. माझे डोळे पडद्यावर खिळलेले. शेजारी आबा पुटपुटले, “बिरोबाच्या नावानं चांगभलं.” आणि पडदा रिकामा झाला. ‘संपर्क तुटला’ असा संदेश आला. इंजिन बंद. गाडी नुसती घरंगळत होती. थोड्या वेळानं संपर्क आपोआप परत आला, जणू काही झालंच नाही. इंजिन मात्र मेलेलं.

“बघितलंस?” आबा म्हणाले.

“बघितलं,” मी म्हणालो. मला वाटलं होतं मी बघितलं.

स्कॅनरमध्ये एकही बिघाड नोंदलेला नव्हता. त्याच्या मते गाडी ठणठणीत होती. पण संपूर्ण गाडीचा करंट जातो आणि परत येतो म्हटल्यावर माझी खात्री पटली, अर्थिंग. म्हणजे इंजिन आणि बॉडीला जोडणारी वायर. रफिकभाईंनी सगळ्या अर्थ वायर बदलल्या, मेन वायर बदलली, फ्यूज बॉक्स बदलला. बदलण्यासारखं आता फक्त आम्ही दोघे राहिलो होतो.

तेवढ्यात संजयचा तो फोन आला, ज्यापासून मी सुरुवात केली.

रात्री झोप लागेना. चूक माझी असेल तर मला ती सापडायला हवी होती. आणि नाही सापडली तर आबांची गाडी जाणार होती. गाडी म्हणजे त्यांचं शेतावर जाणं, मेंढरांत बसणं, कुणाला न विचारता घराबाहेर पडणं.

शेवटची फेरी ठरली. आबा चालवणार, मी शेजारी. मागं आबांची बायको, गयामावशी. त्यांना शेतावरून तूर आणायची होती. गडबडीत मी स्कॅनर गॅरेजवरच विसरलो. झालं ते बरंच झालं, कारण हातात काही नसल्यामुळे मी नुसता इकडंतिकडं बघत होतो.

उतार लागला. लांबून लिंबाचं झाड दिसलं. आबांची बोटं स्टीअरिंगवरून निघाली, डॅशबोर्डवरच्या किल्लीकडे गेली, किल्ली फिरली. इंजिन बंद. “बिरोबाच्या नावानं चांगभलं.” गाडी आवाज न करता देवाच्या दारावरून घरंगळत गेली. झाड मागं पडलं. आबांनी किल्ली परत ऑन केली. क्लच नव्हताच, तरी त्याच्या जागी डावा पाय थोडासा हलला. इंजिन काही बोललं नाही.

“मेली बघ,” आबा वैतागून म्हणाले.

मी किल्लीकडे बोट दाखवलं. “आबा,” मी म्हणालो, “तुम्ही बंद केली.”

“म्या? म्या कशाला बंद करू?”

मागून गयामावशी म्हणाल्या, “तिथं बंद करत्यातच की ते. माझं लगीन झालं तवापासून बघते.”

“मग मावशी, इतके दिवस सांगितलं का नाही?”

“तुम्ही इंजनाचं इचारलं. देवाचं कुठं इचारलं?”

आबा किल्लीकडे बघत राहिले. मग स्वतःच्या हाताकडे बघितलं, जणू तो दुसऱ्याचा होता. मग त्यांच्याच तोंडून सगळं बाहेर आलं. त्यांचे वडील गाडी घेऊन आले, तेव्हा इंजिनाच्या आवाजानं ठाण्यापाशी बसलेली मेंढरं बिथरून उधळायची. म्हणून वडिलांनी नेम घातला, बिरोबाच्या दारात मोटार गुरगुरायची नाही. किल्ली बंद करायची, उतारावर घरंगळायचं, झाड गेलं की किल्ली ऑन करून गिअरमध्ये क्लच सोडायचा. फिरती चाकंच इंजिन सुरू करतात. ढकलस्टार्ट म्हणतो तो हाच. येताना चढ, घरंगळता येत नाही, म्हणून तेव्हा लांबूनच हात जोडायचे. आबांच्या हाताला ते इतकं मुरलेलं होतं की त्यांच्या लेखी ते ‘काहीच नाही’ होतं.

पण ऑटोमॅटिकमध्ये ढकलस्टार्ट होत नाही. इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये तेल असतं. इंजिन थांबलं की तेलाचा पंप थांबतो आणि मग चाकं कितीही फिरली तरी इंजिन हलत नाही. हे मी आबांना समजावलं.

त्यांनी मागं वळून झाडाकडे बघितलं. मग म्हणाले, “मग जुनं इंजन परत बशीव.”

“तुम्हाला चालवता येणार नाही, आबा.”

“नाय आली तर नाय आली. दारात उभी ऱ्हाईल. बापाचा नेम मोडायचा नाय.”

मला राग आला, वाईटही वाटलं. मी आबांच्या जागेवर बसलो, गाडी सुरू केली, मागं घेतली, आणि झाडापासून थोड्या अंतरावर उभी केली. बोनेटवर हात टेकून उभा राहिलो. आबा काठी टेकत ठाण्यापाशी गेले. मेंढरं रवंथ करत होती. एकानंही मान वर केली नाही.

“बंद केलीस नव्हं?” आबांनी तिकडून विचारलं.

“नाही आबा. चालू आहे.”

ते परत आले. बोनेटवर तळवा ठेवला. बारीक थरथर लागली, तसा हात झटकन काढला. परत ठेवला. कान लावला.

गयामावशी खिडकीतून म्हणाल्या, “मेंढराला कळंना, तर देवाचं तरी काय आडतंय?”

आबा हसले. पण हात आपलं काम करणारच, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. म्हणून पुढचं काम गॅरेजमध्ये झालं, आबांच्या समोर, त्यांच्या संमतीनं. इंजिनाची खरी किल्ली मी स्टीअरिंगच्या खाली दुसऱ्या बाजूला नेली. डॅशबोर्डवरची जुनी किल्ली जागच्या जागी ठेवली आणि तिला एसीचा पंखा आणि रेडिओ जोडला.

आता आबा उतारावर येतात, जुनी किल्ली फिरवतात, पंखा थांबतो, रेडिओवरचा माणूस अर्ध्या वाक्यात गप्प होतो. गाडी देवावरून जाते. झाड मागं पडलं की किल्ली परत फिरते आणि तो माणूस पुढच्या बातमीवर आलेला असतो.

संजयनं विचारलं, “नेमका फॉल्ट काय होता?” मी म्हणालो, वायरिंगचा.

तेव्हापासून कुठल्याही जुन्या गाडीचं काम आलं की मी बोनेट उघडत नाही. आधी विचारतो, गाडी कुणाची, आणि वाटेत देव कुठं कुठं लागतात.