साडेसातचे टायर आणि आत्याची भाऊबीज

स्प्रिंग न उचलता जीपला मोठे टायर बसवावेत का, असं ब्लॉगवर बरेच जण विचारतात. मी एकदा बसवले होते, नव्वदच्या दशकात, डोंबिवलीला राहत होतो तेव्हा. त्या प्रवासाची हकिगत सांगतो, मग तुमचं तुम्ही ठरवा.

बाबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं आणि त्यांच्या तीन भाऊबिजा चुकल्या. आत्याचं, म्हणजे बाबांच्या आक्काचं, घर मुरबाडच्या पुढे, डांबरी रस्ता संपल्यावर एका ओढ्यापलीकडे. भाऊ येत नाही म्हणून ती बिचारी तीन वर्षं चंद्राला ओवाळत होती. बाबांना जायचं होतं, पण त्यांची अट पक्की होती. "मला कुणी उचलून नेणार असेल, तर मी येत नाही." एसटी फाट्यावर सोडते आणि तिथून चालणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं. माझी जुनी जीप होती, पण तिचं पोट ओढ्यातल्या दगडांना लागायचं.

विठ्ठलवाडीचे नामदेव मिस्त्री म्हणाले, स्प्रिंगा उचलू, जाड पट्ट्या टाकू. पण मग गाडी टणक होणार आणि बाबांना हादरे बसणार. म्हणून मी फक्त टायर बदलायचे ठरवले. सहा इंच रुंदीच्या जागी साडेसातचे, जुनेच, वर नवं रबर चढवून रिमोल्ड केलेले. गाडी दीड इंच उंच झाली.

"बसले तं खरं," मिस्त्री म्हणाले, "पन गाडी भरून बग. रिकाम्या गाडीचा भरवसा नाय."

मी भरून बघितलं, म्हणजे बायकोला शेजारी बसवून ठाण्याला नौपाड्यात आत्याची साडी घ्यायला गेलो. कुठे काही घासलं नाही. आम्ही दोघंही तेव्हा काटकुळे होतो, हे मी हिशेबात धरलं नाही.

भाऊबिजेला सकाळी निघताना चुलतभाऊ सुरेश बायको आणि दोन मुलींसह खाली हजर. गाडी चाललीच आहे, तर आम्हीही येतो म्हणाला. दिवाळीच्या दिवशी नाही कोण म्हणणार? त्यात फराळाचे डबे आणि आत्यासाठी मागे बांधलेली लोखंडी खाट.

कल्याण, शहाड, रायत्याचा पूल. रस्ता बरा होता, पण प्रत्येक खड्ड्यात मडगार्डखालून खर्रर्र आवाज यायचा. "नवीन टायरचा आवाज असेल रे," सुरेश म्हणाला. मला तेच ऐकायचं होतं. मुरबाडला झकास झणझणीत मिसळ खाल्ली. तुम्ही गेलात तर तिथेच खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही.

ओढ्यात पोट दगडाला लागलं नाही. मी खुशीत बाबांकडे बघितलं आणि तेवढ्यात पुढचं चाक खळग्यात गेलं. भरलेली गाडी खाली बसली, मडगार्डची कड टायरमध्ये घुसली आणि हवा सुसाट गेली. बाबा सोडून सगळे उतरले, पण जॅक वाळूत रुतत होता. आत्याचं घर समोर दिसत होतं. बाबा सीटवरून त्याकडेच बघत होते. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"काका, मी पाठीवर घेतो तुम्हाला," सुरेश म्हणाला.

"नको म्हटलं ना."

सुरेश मग एकटाच पळत गेला. थोड्या वेळाने बांधावरून आत्या येताना दिसली, हातात ओवाळणीचं ताट, दिवा पदराने झाकलेला.

"उतरू नको तू," ती लांबूनच म्हणाली. "मी आलेय."

आत्या जेमतेम पाच फुटांची. ओढ्यातल्या दगडावर उभी राहिली तरी सीटवर बसलेल्या बाबांच्या कपाळाला तिचा हात पोचेना. तो दीड इंच मीच वाढवला होता. बाबांनी उजव्या हाताने दांडा धरला आणि खाली वाकले. कुंकू नाकावर लागलं. दोघंही हसत होती आणि डोळे पुसत होती.

गावातल्या लोकांनी जॅकखाली फळी दिली, जुन्या मापाची स्टेपनी लावली, पण त्या लहान चाकाने पुढचे दगड ओलांडता आले नसते, म्हणून तिरक्या जीपने आम्ही तिथूनच परतलो. तेव्हा तुम्हाला माझं सांगणं इतकंच, टायर बसवाल तर आधी सगळं घरदार गाडीत बसवून बघा. माझ्या चुकीमुळे बाबा आत्याच्या दारी पोचले नाहीत, ही रुखरुख अजून आहे. पण त्यानंतर आत्याने चंद्राला ओवाळलं नाही. दर वर्षी ती ओढ्यापर्यंत यायची.

पुढच्या आठवड्यात बाबांना घेऊन विठ्ठलवाडीला गेलो. मिस्त्रींनी फाटलेला टायर बघून मान हलवली. "आता तरी स्प्रिंगा उचलू. अजून दोन इंच."

मी काही बोलायच्या आत बाबा सीटवरूनच म्हणाले, "नको. आक्काचा हात पोचणार नाही."