चालक : दोघी

१२ मार्चला ब्रेकबाईंच्या नावाने गाडीच्या विम्याची नूतनीकरणाची नोटीस निघाली. रक्कम १८,४६० रुपये. आदल्या वर्षी त्यांनी १४,१०५ भरले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच त्या पायरीवर बसल्या होत्या, नोटिशीची घडी हातात.

विमा कंपनीच्या त्या शाखेत मी हिशेब पाहतो. पॉलिसी विकणे माझे काम नव्हे, क्लेम मंजूर करणेही नव्हे. पैसा कोणत्या सदराखाली आला आणि कोणत्या सदराखाली गेला, एवढेच माझे. पण ब्रेकबाई एजंटच्या टेबलाशी न थांबता सरळ माझ्याकडे आल्या.

"वाढले ते कुठे वाढले, बोट ठेवून दाखवा."

ब्रेकबाई हे नाव त्यांच्या विद्यार्थ्यांनी ठेवलेले. एकोणीस वर्षे त्या मोटार चालवायला शिकवतात. एक गाळा, एक आठ वर्षांची गाडी आणि शेजारच्या सीटसमोर त्यांच्या पायाशी बसवलेला दुसरा ब्रेक. नवरा गेला तेव्हा घरातली आधीची गाडी विकून टाका, असे सगळ्यांनी सांगितले. त्यांनी गाडी ठेवली आणि पहिली शिकवणी एकसष्ट वर्षांच्या सासूला दिली. महिन्याचा कोर्स, पंधरा दिवसांचा कोर्स, असले काही त्यांच्याकडे नाही. एक लांबट वही आहे. रोजच्या धड्यापुढे त्या लिहितात, आज आपल्याला किती वेळा ब्रेक दाबावा लागला. पहिल्या दिवशी हा आकडा तीस-पस्तीस असतो. सलग तीन दिवस शून्य आले की शिकवणी संपली.

मी बोट ठेवून दाखवले. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याच्यासाठीचा दर सरकारने वाढवला होता. तो २,११५ ने वाढला, त्यात कुणाचेच काही चालत नाही. उरलेले २,२४० एजंटने जोडलेल्या जादा संरक्षणांचे होते.

"मला न विचारता?"

एजंट लगबगीने उठून आला. "ताई, तुमच्या भल्यासाठीच. गाडी रस्त्यात बंद पडली तर माणूस येतो, साडेसहाशे. किल्ली हरवली तर चारशे. इंजिनात पाणी गेलं तर अकराशे नव्वद."

"गाडी बंद पडली तर माझा दीर येतो, त्याचं गॅरेज आहे. किल्ली गळ्यात असते, ही बघा. आणि मी गाडी रस्त्यावर शिकवते, तळ्यात नाही. काढा तिन्ही."

"मग स्वस्तात करून देऊ का? गाडीची किंमत जरा कमी लावू, हप्ता आपोआप उतरतो."

"आणि उद्या गाडी चोरीला गेली, की तीच कमी किंमत माझ्या हातावर ठेवाल ना?"

एजंट माझ्याकडे पाहू लागला. मी मान हलवली. तसेच असते.

त्याने आवाज खाली आणला. "मग हे शिकवणीच्या वापराचे एक हजार नऊशे ऐंशी आहेत ना, ते उडवतो. 'खासगी वापर' लिहितो. कोण बघायला येतंय!"

"अहो, माझ्या गाडीच्या टपावर चार फुटांची पाटी आहे. ती काय मी हौसेनं मिरवते?"

त्या दिवशी त्यांनी अर्धा तास घेतला. शिकणाऱ्याच्या आणि मागे बसणाऱ्यांच्या अपघाती विम्याचे तीनशे रुपये स्वतःहून वाढवून घेतले. नुकसानीतले पहिले अडीच हजार मी सोसेन, असे लिहून दिले की हप्त्यात सातशेची सूट मिळते. हे मी सांगितल्यावर त्यांनी विचारले, "म्हणजे मी ठोकलं नाही तर माझा फायदा, ठोकलं तर तोटा?" मी हो म्हटले. "लिहा. एकोणीस वर्षांत ठोकलेली नाही." शेवटी १५,८२० रुपये रोख भरून, पावतीवरचे प्रत्येक सदर वाचून त्या गेल्या.

जुलैत गाडी ठोकली.

त्या दिवशी स्टिअरिंगवर सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई होत्या, वय पन्नास, शिकाऊ परवाना रीतसर. बाजारामागच्या उतारावर समोर हातगाडी आली. नर्सबाईंचा पाय ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर पडला. ब्रेकबाईंनी आपला ब्रेक दाबला, पण गाडी एका बँकेच्या फाटकाच्या खांबावर गेलीच. दिवा, बंपर आणि रेडिएटर गेले. माणसांना खरचटलेसुद्धा नाही. त्या दिवसाच्या वहीत नर्सबाईंच्या नावापुढे नोंद आहे, '१, उशिरा'.

दिराने गाडी ओढून गॅरेजात नेली. खर्चाचा अंदाज आला २३,७०० रुपये. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजायला आलेला माणूस, गाडी बघून गेला. आणि क्लेमचा अर्ज आला.

अर्जात एक चौकट असते, 'अपघाताच्या वेळी वाहन कोण चालवत होते?' तिच्यात एकच नाव मावते. ब्रेकबाईंनी बारीक अक्षरांत दोन नावे बसवली आणि पुढे लिहिले, 'दोघी. स्टिअरिंग त्यांच्या हातात, ब्रेक माझ्या पायाखाली.'

आमच्या क्लेम विभागाच्या प्रमुखांना ऑफिसात सगळे 'बघूया साहेब' म्हणतात, कारण कोणत्याही कागदावर त्यांचा पहिला शब्द तोच असतो. त्यांनी अर्ज परत पाठवला. ब्रेकबाईंनी तो तसाच्या तसा पुन्हा आणून दिला. तिसऱ्या खेपेला साहेबांनी त्यांना समोर बसवले.

"बाई, कॉम्प्युटर दोन चालक घेत नाही. तुमचं एकटीचं नाव लिहा. पक्का परवाना आहे, आठ दिवसांत चेक निघेल. शिकाऊ लिहिलंत तर फाइल मुख्य कार्यालयात जाते, चौकशी लागते. दोन महिने धरा. कदाचित नाहीच म्हणतील."

"पण मी स्टिअरिंगवर नव्हते."

"कोण विचारतंय?"

"तुम्हीच विचारताय. चौकटीत छापलंय."

"तुमचं काम व्हावं म्हणून सांगतोय मी!"

"शिकणारी चालवणार म्हणून तुम्ही माझ्याकडून एक हजार नऊशे ऐंशी जादा घेतलेत. दरवर्षी घेता. शिकणारीनं ठोकलं, तर आता म्हणायचं मी चालवत होते? मग ते पैसे कशाचे घेतलेत?"

साहेब म्हणाले, "बघूया."

घरूनही दबाव होता. दीर गॅरेजातून भांडायला आला तो आमच्या ऑफिसात, माझ्यासमोरच. "वहिनी, एक नाव खोडायला काय जातं तुमचं? गाडी माझ्या दारात धूळ खातेय. तुमची पोरंसोरं त्या कोपऱ्यावरच्या ड्रायव्हिंग स्कूलला पळतायत!"

"पळू देत. ठोकल्यावर शिकणाऱ्याचं नाव झाकणारी बाई उद्या त्यांना काय शिकवणार?"

"तत्त्वाचा रेडिएटर मिळतो का बाजारात? मिळत असेल तर सांगा, बसवतो!"

"तुम्ही अस्सल बसवा हो. बिलाचे पैसे मी आणते."

गाडी नव्हती तरी गाळा बंद झाला नाही. त्यांनी दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या, जमिनीवर लाकडाचे तीन ठोकळे बसवले आणि स्टिअरिंग म्हणून पिठाची चाळणी हातात दिली. अर्धी फी. रस्त्यावरचे लोक काचेतून बघून हसत. पहिल्या दिवशी खुर्चीवर नर्सबाई स्वतः येऊन बसल्या. त्या सारखे पैसे देऊ करत होत्या.

"अहो बाई, माझ्यामुळं झालं. निम्मे तरी घ्या."

"इंजेक्शन शिकताना पहिली सुई कुणाला सरळ गेली होती? पाय ठेवा मधल्या ठोकळ्यावर. तो ब्रेक. पुन्हा."

दोन आठवड्यांनी ब्रेकबाई वही घेऊन माझ्याकडे आल्या. एकोणीस वर्षांच्या वह्यांपैकी ही सतरावी. "हिला पुरावा म्हणतील का?"

मी म्हटले, "वहीचं मला सांगता येणार नाही. पण तुमच्याकडून पैसे कशासाठी घेतले, ते मी लिहून देऊ शकतो." आणि तेवढेच लिहिले. अमुक पावतीने, शिकवणीच्या वापराच्या सदराखाली १,९८० रुपये शाखेला मिळाले आहेत. त्या सदराच्या अटीत, शेजारी शिक्षक बसलेला असताना शिकाऊ परवानाधारकाने चालवणे धरलेले आहे, पॉलिसीचे पान सात पाहावे. खाली सही, शिक्का.

बघूया साहेबांनी कागद वाचला. "निवृत्तीला चौदा महिने राहिलेत तुमचे. कशाला हे?"

"नोंद आहे, साहेब. नाही कशी म्हणू?"

त्या कागदाने सगळे झाले असे नाही. मुख्य कार्यालयाने सर्व्हेअरला पुन्हा पाठवले. तो तुसडा माणूस. चहासुद्धा नको म्हणाला. गॅरेजात गाडीसमोर गुडघे टेकून तो शेजारच्या सीटपुढे टॉर्च मारत राहिला. दुसऱ्या ब्रेकचा दांडा वाकला होता. एवढा जोर आला होता त्याच्यावर.

"हा कुणी वाकवला?"

"मी," ब्रेकबाई म्हणाल्या.

"एकाच वेळी दोघी चालवत होतात म्हणता ते खरंच म्हणायचं."

"तीन वेळा लिहून दिलं. आता तुम्ही लिहा."

त्याने लिहिले. एक्केचाळिसाव्या दिवशी क्लेम मंजूर झाला. कॉम्प्युटरने शेवटी चालक म्हणून नर्सबाईंचेच नाव घेतले, आणि शेऱ्याच्या रकान्यात साहेबांनी स्वतः टाइप केले, 'प्रशिक्षक शेजारी, ब्रेक दाबलेला.' तिथे जागा होती. पहिल्या दिवसापासून होती.

मंजुरीचा कागद घेऊन ब्रेकबाई माझ्या टेबलाशी आल्या. "कापलं ते कुठे कापलं, दाखवा."

बिल २३,७००. प्लास्टिकच्या आणि रबराच्या जुन्या भागांची घट ४,३१०. प्रत्येकाला सोसावेच लागतात ते एक हजार. त्यांनी स्वतःहून सोसायचे लिहून दिलेले अडीच हजार. हाती १५,८९०. शिवाय क्लेम न केल्याबद्दलची सूट पुढच्या वर्षी जाणार, तेही मी सांगितले.

"माझ्या वाट्याला सात हजार आठशे दहा. बरोबर?"

"बरोबर."

"आणि माझ्या नावावर खांब नाही."

"नाही."

"मग झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला गाडी बाजारामागच्या त्याच उतारावर होती, टपावरची पाटी पुसून लख्ख, स्टिअरिंगवर नर्सबाई. खुर्चीवरच्या सरावाचा उपयोग किती झाला मला माहीत नाही. वहीत त्या दिवशीचा आकडा सहा आहे. नऊ दिवसांनी सलग तिसरे शून्य आले.

आपल्या वाट्यातले साडेसहा हजार ब्रेकबाईंनी तीन हप्त्यांत गॅरेजात पोचते केले. दिराचे एक हजार तीनशे दहा रुपये अजून द्यायचे आहेत.