कळंब्याला नेलेल्या वीस बाटल्या

मुलांनो, रंकाळा तलावापासून कळंब्यापर्यंत रिक्षाने जेमतेम वीस मिनिटं लागतात. याला प्रवास म्हणायचं का, असं तुम्ही विचाराल. पण इतकी वर्षं कोल्हापुरात काढून तलावाच्या पलीकडे मी कधी गेलेच नव्हते, म्हणून लिहिते.

सोबत वीस बाटल्या होत्या, बिस्किटांच्या रिकाम्या पाकिटांनी ठासून भरलेल्या. तुम्ही व्हिडिओ पाठवलात, त्यातल्या प्लॅस्टिकच्या विटा. गेल्या वर्षी मी सगळ्या कॉलनीला त्या करायला लावल्या. पुढे कचरा नेणारी रंजना यायची थांबली, तेव्हा मीच सोसायटीला पत्र लिहून गाडी ठरवायला लावली. गाडीवाले या विटा घेईनात. कळंब्याला कचरा निवडण्याची शेड आहे, असं कळलं आणि निघाले.

"कळंब्याला? जेलात कोण हाय का आज्जी?" रिक्षावाल्याने विचारलं.

"कोणी नाही."

"मग बरं हाय. तिकडची सवारी रडतच बसती मागं."

जेलची लांब भिंत संपली, ऊस लागला. एकदा रस्ता चुकून आम्ही कुणाच्या तरी गोठ्यापाशी पोचलो. शेवटी पत्र्याची शेड सापडली. आत सात-आठ बायका ढिगांमध्ये बसून पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, चपला वेगळ्या करत होत्या. त्यांच्यात रंजना दिसली.

"या की काकू." तिने हात पुसून मला स्टूल दिलं. पुढ्यात कागदावर भडंग (लसूण घातलेले तिखट चुरमुरे) ठेवलं. इतकं चविष्ट भडंग मी बाजारातून कधी आणलेलं नाही.

मी जरा ऐटीतच बाटल्या काढल्या. शेजारची बाई हसली. "आल्या गं तुझ्या इटा."

रंजनाने विळ्याने एक बाटली चिरली आणि आतला कचरा ओढून काढला. "रिकामी दिली असती तर ही इकली असती, काकू. आता बाटलीबी गेली आन वेळबी." तिच्या अंगठ्यावर लांबलचक व्रण होता.

"मग सांगितलं का नाहीस?"

"आलतो की दोनदा. पेपर वाचतोय, नंतर ये म्हणला तुमी."

मला आठवेना. आठवलं नाही, याचंच जास्त वाईट वाटलं.

"समद्या कॉलनीत नुसत्या इटाच निघायल्या. इकायला काय उरंना, म्हणून चार म्हैने दुसरीकडं काम बघितलं. परत आलो तर वॉचमन आत सोडंना." मग ती हळूच म्हणाली, "तुमचं ऐकत्यात लोकं. घ्या की परत आत."

"बघते," मी म्हणाले.

परतल्यावर तशीच सोसायटीच्या अध्यक्षांकडे गेले. ते नम्रपणे म्हणाले, "गाडीचा वर्षाचा करार झालाय, काकू. आणि बाहेरच्यांना आत सोडायचं नाही, हे तुम्हीच सुचवलं होतंत." त्यांनी फाइलमधून माझं पत्र काढलं. समास सोडलेला, मुद्द्यांना क्रमांक दिलेले. दुसऱ्या मुद्द्यात रंजनाबद्दल 'बेभरवशाची' असं लिहिलं होतं. ते पत्र परत द्या, म्हटलं, तर नोंद झाली आहे म्हणाले.

हे रंजनाला कळवायला हवं. अकरा वर्षं ती दारात येत होती आणि तिचा फोन नंबर माझ्याकडे नाही. उद्या पुन्हा कळंब्याला जाईन. ती स्टूल पुढे करेल. या वेळी मी उभ्यानेच सांगेन.