बिनपंख्याचा डबा

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात, आणि यांचा एक नियम आहे: बिघाडाचं कारण सापडल्याशिवाय लिफ्ट चालू करायची नाही. उमेदवारीच्या काळात यांच्या जोडीदाराने एक लिफ्ट नुसती बंद-चालू करून सोडली आणि संध्याकाळी तिच्यात एका माणसाचा पाय गेला. तेव्हापासून हे प्रत्येक बिघाडाच्या हात धुऊन मागे लागतात. मग मिक्सर असो की नळ. जित्याची खोड, दुसरं काय!

मागच्या वर्षी यांनी इंटरनेट कंपनीचा राउटर काढून माळ्यावर टाकला आणि त्या जागी एक छोटा कॉम्प्युटर बसवला. वहीएवढा डबा, आत पंखा नाही, आवाज नाही. महिनाभर गुणी लेकरासारखा चालला, मग मेला मधूनच थांबायला लागला. दिवा हिरवागार, पण इंटरनेट ठप्प. कधी दोन दिवसांनी, कधी दहा. बंद करून चालू केला की पुन्हा शहाणा.

मला त्याच्याशी काय करायचंय? मला चार वाजता आई दिसायला हवी होती, बस. आई दूर, भावाकडे, अंथरुणाला खिळलेली. ऐकू येत नव्हतं, पण ओठ बघून बोलणं समजायचं, म्हणून भाऊ रोज चारला व्हिडिओ कॉल लावायचा. आमच्या तळमजल्यावर मोबाइलला रेंज नाही. सगळी भिस्त त्या डब्यावर.

"अहो, तो जुना लावा ना," मी म्हणायचे.

"मग हा का थांबतो ते कळणार कसं?"

"नाही कळलं तर काय आभाळ कोसळणार आहे?"

पण छे! एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वाट बघायची. आधी अडॅप्टर बदलला. सहाव्या दिवशी ठप्प. मग तापत असेल म्हणून शेजारी टेबलफॅन लावला. नवव्या दिवशी ठप्प. शेवटी मला बजावलं, "आता थांबला तर बंद करू नकोस. बंद केला की आतला पुरावा पुसला जातो. मी येऊन स्क्रीन जोडून बघतो."

गुरुवारी पावणेचारला थांबला. माझा हात दोनदा बटणाकडे गेला. पण म्हटलं, इतकी वर्षं लोक ज्याच्या भरवशावर वर-खाली करतात, त्याला कळत नसेल तर कुणाला? आईशी उद्या बोलू. मी कपड्यांच्या घड्या घालत बसले.

हे सातला आले, यांच्या फोनची बॅटरी दुपारीच संपलेली. स्क्रीन जोडला, शेवटची ओळ वाचली आणि चेहरा उजळला. "सापडलं! मेमरीचं कार्ड खराब आहे!" दुसरं आणून ठेवलंच होतं. ते बसवून डबा चालू केला, तशी माझ्या फोनची टिंगटिंग सुरू झाली. भावाचे चौदा मिस्ड कॉल. खाली मेसेज: आई साडेपाचला गेली. चारपासून चांगली शुद्धीत होती. तुझं तोंड बघायचंय म्हणत होती.

मी जमिनीवरच बसले. रडू येईना. राग येत होता, यांचा, आणि त्याहून जास्त माझा. दोन मिनिटांचं काम होतं हो! यांनी फोन घेतला, वाचला, पुन्हा वाचला.

आईला पोहोचवून आम्ही घरी परतलो, तेव्हा यांनी विचारलं, "माझं का ऐकलंस गं?"

"विश्वास होता तुमच्यावर, म्हणून."

टोमणा नव्हता तो. खरं तेच सांगितलं मी. हे बूट न काढताच खुर्चीत बसले.

"शिव्या घातल्या असत्यास," म्हणाले, "तर बरं झालं असतं."