कोल्ड स्टोअरमधला जागेवाला

हातात नारळ घेऊन मी कुणाची माफी मागितली, हे ऐकलंत तर चहा सांडाल. आधी कप खाली ठेवा!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बहरीनला मीना सलमान बंदराच्या बाजूला माझं कोल्ड स्टोअर. एक तुर्की व्यापारी सुक्या अंजिरांची एजन्सी द्यायला येणार होता. म्हटलं, त्याच्याच भाषेत बोलून गार करू! शिकायला बसलो, तर आपल्यासारखीच हो, नामाला शेपट्या! एव्हिम म्हणजे माझं घर, एव्हिमदे माझ्या घरात, एव्हिमदेन माझ्या घरातून. तुर्की शब्द, मागोमाग मराठी अर्थ, असं स्वतःच्याच आवाजात टेप केलं. ऑफिसात घोकलं तर माणसं हसतात, म्हणून रोज सकाळी कोल्ड स्टोअरमध्ये कोंडून घ्यायचो.

पाहुणा यायच्या दिवशी दुपारी ड्रायव्हर बाबी धावत आला. मालवणचा धिप्पाड गडी, पण चेहरा पांढराफटक.

"शेट, आत कोणतरी बोलता हा. मी काय आत जावचंय नाय."

"अरे, मशीन वाजत असेल!"

"मशीन मराठीत बोलता काय? तुमी जागेवाल्याचो मान चुकवल्यात!"

जागेवाला म्हणजे जमिनीचा अदृश्य मालक. मीही कोकणातलाच, मानणारा. पण बाहेर ऑगस्टचं ऊन, पाहुण्याने पाठवलेली नमुन्याची अंजिरं ट्रकमध्ये तापायला लागलेली, तो स्वतः वाटेवर, आणि हमाल म्हणतात, मफी, आत जाणार नाही!

तणतणत दार उघडलं. पांढरी वाफ पायांशी आली. आतल्या काळोखातून विहिरीतून यावा तसा आवाज...

"माऽऽझं... घऽऽर..."

मग नुसती गुरगुर. मग, "माऽऽझ्या... घराऽऽत..."

मी ओरडलो, "बाबी, नारळ! यल्ला, पळ!"

बाबीने उंबऱ्यावर गाऱ्हाणं घातलं, "बा जागेवाल्या म्हाराजा, शेटान तुका न इचारता हय धंदो मांडलो, चूक पदरात घे!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठ्याने कोण? मी!

"माऽऽझ्या... घराऽऽतून..." आतून उत्तर.

"शेट, भायर काढता हा तुमका!"

मागे वळतो तर तुर्की पाहुणा उभा, कान देऊन! तडक आत गेला. आम्ही दाराशीच. बाहेर आला तो हातात माझाच टेपरेकॉर्डर घेऊन. सकाळी फोन आला म्हणून खोक्यांमागे चालू ठेवून पळालो होतो, आणि साफ विसरलो! टेप आपोआप उलटून वाजत राहिली, थंडीने बॅटऱ्या बसल्या, आणि माझ्या आवाजाचा रेडा झाला.

एजन्सी मिळाली हो! पण हात मिळवताना तो इंग्रजीत म्हणाला, "तुम्ही इंग्रजीतच बोला. पुन्हा तुर्कीत बोललात, तर नारळ मला आणावा लागेल!"